ऑईल फिल्टर काढायला कोणता पाना? आधी जागा बघा, मग ठरवा

घरी ऑईल बदलणारा नवखा माणूस बहुतेक वेळा फिल्टरपाशी अडतो. ड्रेन प्लग, म्हणजे ऑईल चेंबरच्या तळाचा बोल्ट, एका गोटी पान्यानं (सॉकेटनं) सुटतो आणि नवं ऑईल वरून ओतायचं असतं, त्यात अडण्यासारखं काही नाही. फिल्टर मात्र गोल, गुळगुळीत आणि तेलकट. शिवाय तो बसवलेला असतो अशा कोपऱ्यात की हात जेमतेम पोचावा. मग दुकानात टांगलेल्या तऱ्हेतऱ्हेच्या पान्यांपुढे उभं राहून आपण त्यातला सगळ्यात दणकट दिसणारा उचलतो आणि गाडीखाली शिरल्यावर कळतं, की हा फिल्टरपर्यंत पोचतच नाही.

म्हणून खरेदीचा क्रम उलटा करा. आधी फिल्टर बघायचा, मग त्याच्या आजूबाजूची जागा मोजायची आणि पाना शेवटी ठरवायचा. ताकदीचा प्रश्न त्याच्याही नंतरचा. नीट बसवलेल्या फिल्टरला फार जोर लागत नाही. जोर लागतो तो मागच्या वेळी कुणीतरी तो अंगातलं सगळं बळ लावून आवळलेला असतो म्हणून.

फिल्टर कोणत्या जातीचा आहे?

फिल्टर दोन प्रकारचे. पहिला डबा फिल्टर, म्हणजे स्पिन-ऑन. पत्र्याचा बंद डबा, आत कागदाच्या घड्या, झडपा, तोंडाशी आटे आणि रबरी रिंग. अख्खा डबा फिरवून काढायचा, टाकून द्यायचा, नवा लावायचा.

दुसरा कार्ट्रिज. यात फिल्टरचं घर इंजिनवरच कायमचं असतं, त्याला प्लास्टिकचं किंवा ॲल्युमिनियमचं झाकण असतं आणि बदलायचा असतो तो फक्त आतला कागदी नळा आणि झाकणाची रबरी रिंग.

आपल्या गाडीत कोणता आहे हे कळायला गाडीखाली जायचीही गरज नाही. गाडीसाठी आणलेल्या नव्या फिल्टरचं खोकं उघडा. पत्र्याचा डबा निघाला तर पहिला प्रकार, घड्यांचा उघडा कागद आणि सोबत एक-दोन रिंगा निघाल्या तर दुसरा.

पान्याची निवड इथेच निम्मी ठरते. डबा फिल्टर कचऱ्यातच जाणार असल्यामुळे तो चेपला, खरवडला, वाकला तरी बिघडत नाही. कार्ट्रिजचं झाकण मात्र तासाभरानं पुन्हा त्याच जागी लावायचं असतं आणि प्लास्टिकचं असेल तर ते तडकायला वेळ लागत नाही. डब्यावर चालणारे निम्मे पाने झाकणाला लावायचेच नाहीत.

एक सावधगिरी. काही गाड्यांमध्ये, उदाहरणार्थ सुबारूच्या काही ऑटोमॅटिक मॉडेलांमध्ये, गिअरबॉक्सलाही बाहेरून असाच डबा फिल्टर लावलेला असतो. इंजिनचा कोणता ते गाडीच्या पुस्तिकेतलं चित्र बघून पक्कं करा. चुकीचा डबा सोडवला तर भलतंच तेल अंगावर येईल.

गार इंजिनवर, टॉर्च घेऊन, मापं

मापं घ्यायला वेगळा दिवस काढा. ऑईल बदलण्याच्या दिवशीच मोजायला बसलात तर घाई होते आणि इंजिन गरम असलं तर हात घालता येत नाही.

पहिलं माप डब्याच्या व्यासाचं. व्हर्नियर असेल तर सोपं. नसेल तर कागदाची पट्टी डब्याभोवती गुंडाळा, जिथे टोकं मिळतात तिथे खूण करा, लांबी मोजा आणि 3.14 नं भागा. पट्टी 207 मि.मी. भरली तर व्यास साधारण 66 मि.मी. लहान गाड्यांचे बरेच डबे 65 ते 80 मि.मी.च्या आसपास असतात.

दुसरं, पैलू. डब्याच्या बंद टोकाला, कडेभोवती छोटे सपाट पैलू पाडलेले असतात. ते मोजायचे. एका पैलूवर पेनानं ठिपका द्या आणि तिथून बोट सरकवत मोजत परत ठिपक्याशी या, नाहीतर एक कमी-जास्त होतोच. बऱ्याच डब्यांवर 14 किंवा 15 पैलू असतात. हा आकडा जुळणं महत्त्वाचं, कारण 74 मि.मी. 14 पैलू आणि 74 मि.मी. 15 पैलू हे दोन वेगळे पाने आहेत आणि एकाच्या जागी दुसरा बसत नाही. काही डब्यांना पैलूच नसतात, टोक गुळगुळीत असतं. ते आत्ताच कळलेलं बरं.

नवखी माणसं सगळ्यात जास्त चुकतात ते पुढच्या गोष्टीत. मोजायचा तो गाडीला आत्ता लागलेला जुना फिल्टर. हातात आणलेल्या नव्या फिल्टरवर पाना घट्ट बसतोय म्हणून खूश होऊन काम सुरू करावं, तर जुना निघतो दुसऱ्या कंपनीचा. त्याचा व्यास दोन-तीन मिलिमीटरनं वेगळा, पैलूही वेगळे. आटे आणि रबरी रिंगेची बैठक जुळली की फिल्टर गाडीला चालतो, बाहेरच्या डब्याचा आकार कंपनीगणिक बदलू शकतो. पाना जो निघणार आहे त्याच्या मापाचा हवा. पुढे दर वेळी तुम्ही एकाच कंपनीचा फिल्टर लावत राहिलात तर हा प्रश्न उरत नाही. एकच कंपनी धरून ठेवायला हे कारण मला पुरेसं वाटतं.

तिसरं माप जागेचं. यात दोन गोष्टी बघायच्या. डब्याच्या बंद टोकापुढे किती मोकळी जागा आहे? आणि डब्याच्या बाजूनं, चारही अंगांनी, बोटं जातात का? टोकापुढे जागा असेल तर टोकावर चढवायचे पाने चालतील. टोक अडलेलं आहे पण बाजू मोकळ्या आहेत, तर डब्याला कवटाळणारे पाने. टोकाची जागा मोजताना नुसत्या पान्याची उंची धरू नका, त्यावर रॅचेटचं, म्हणजे पाना फिरवायच्या खटक्याच्या दांडीचं, डोकंही बसायचं आहे.

हात फिरायला किती वाव आहे तेही बघा. 72 दात्यांचा रॅचेट एका खटक्याला 5 अंश सरकतो, त्यामुळे अगदी चिंचोळ्या जागेतही थोडं-थोडं करत काम होतं. सरळ दांडीच्या पान्याला मात्र दर वेळी मोठा झोका लागतो. आणि शेजारी काय आहे? एक्झॉस्टचा पाईप, एखाद्या सेन्सरची वायर, कूलंटचा होज? फोननं तीन-चार फोटो काढून ठेवा. दुकानात ते शब्दांपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

डबा फिल्टरसाठी पाने

कॅप पाना. वाटीच्या आकाराचा, आतून पैलू असलेला, मागे रॅचेटसाठी चौकोनी भोक. बहुधा 3/8 इंची, कधी 1/2 इंची. डब्याच्या टोकावर चढवायचा, रॅचेट लावायचा, फिरवायचा. बाजूनं त्याला जवळजवळ काहीच जागा लागत नाही आणि एक्स्टेन्शन, म्हणजे रॅचेट आणि पाना यांच्यामधे जोडायची दांडी, लावला की खोल कोपऱ्यातही पोचतो. टोकासमोर जागा असेल आणि माप मिळत असेल तर पहिला पाना हाच घ्यावा असं माझं मत आहे. फक्त तो नेमक्या मापाचा हवा. एका मिलिमीटरचा फरक असला तरी जोर आला की पैलूंवरून घसरतो, पैलू गोल होतात आणि मग त्या डब्यावर कुठलाच कॅप पाना चालत नाही. पातळ पत्र्याचा दाबून काढलेला पाना ताणाखाली किंचित उघडतो. ओतीव ॲल्युमिनियमचा किंवा जाड पोलादाचा घ्या.

त्याचा एक खोडकरपणा सांगून ठेवतो. फिल्टर सुटून बाहेर येतो, पण पाना त्याच्यावरच गच्च बसून राहतो. चौकोनी भोक आरपार असेल तर त्यातून एक्स्टेन्शनचं टोक घालून हातोडीनं हलकेच ठोकलं की निघतो. भोक आरपार नसलेला पाना याच कारणासाठी टाळावा.

पंधरा-वीस, कधी तीस कॅप पान्यांचे संच मिळतात. घरात एक-दोन गाड्या असतील तर त्यातले बहुतेक डबीत पडून राहतील. त्यापेक्षा नेमक्या मापाचा एकच चांगला घ्या.

तीन पायांचा पाना. मधे दातेरी चक्रं, भोवती तीन वाकडे पाय. रॅचेट फिरवला की पाय आत आवळले जातात आणि डब्याला पकडतात. जितका जोर वाढेल तितकी पकड घट्ट होते. साधारण 60-65 मि.मी.पासून पुढे बऱ्याच मापांना एकच पाना पुरतो, पैलू असोत नसोत. ज्याला दोन-तीन वेगवेगळ्या गाड्या सांभाळायच्या आहेत, किंवा जुन्या फिल्टरचं माप घेताच येत नाही, त्यानं हा घ्यावा. अडचण जागेची: पाय बाजूनं उतरायला डब्याभोवती बोटभर वाव लागतो आणि पान्याची उंचीही कॅपपेक्षा जास्त असते. स्वस्तातल्या पान्यांत पायांना खेळ जास्त असतो आणि ते एका बाजूनं घसरतात. दुकानात हातात घेऊन तिन्ही पाय एकदमच आत येतात का ते बघा. आणखी एक, पाय पत्र्यावर खोल खुणा करतात, म्हणून हा पाना काढण्यापुरताच. नवा फिल्टर बसवायला कधीही नाही.

पट्टी पाना. पोलादी पट्टीचं कडं आणि त्याला दांडी. दांडी ओढली की कडं आवळतं. टोकासमोर अजिबात जागा नसेल आणि बाजूनं हात जात असेल तर हाच कामाचा. दांडी सांध्यात वळणारी असेल तर अडचणीत फार सोय होते. प्रत्येक पट्टी पाना मापांच्या एका ठरावीक पट्ट्यातच चालतो, तेवढं बघून घ्या. कडं लावायचं ते डब्याच्या तोंडाकडे, म्हणजे इंजिनला टेकलेल्या बाजूला. तिथे आत जाड तबकडी असते, त्यामुळे डबा चेपत नाही. मधल्या पोकळ भागावर लावलं तर पत्रा आत दबतो, पट्टी सैल पडते आणि जोर फुकट जातो.

पट्ट्याचा पाना. विणलेल्या नायलॉनचा पट्टा आणि रॅचेटसाठी चौकोनी दांडा. जवळपास कुठल्याही व्यासाला चालतो आणि कोरड्या डब्यावर चांगली पकड घेतो. रबरी पट्ट्याचेही मिळतात, पण तेल लागलं की ते घसरतात. कोणताही पट्टा लावायचा तर आधी डबा फडक्यानं कोरडा पुसून घ्या. पट्टा उलट्या बाजूनं गुंडाळला गेला तर आवळण्याऐवजी सैल होतो, हेही एकदा घरी रिकाम्या डब्यावर करून बघण्यासारखं आहे.

फिल्टर पक्कड. लांब हातांची, वाकड्या जबड्यांची. हात जायला मोकळी जागा असेल तर झटपट काम करते, पण दोन्ही हात फाकवायला जागा लागते आणि ती फारच थोड्या गाड्यांत असते. चेन पाना ट्रकच्या मोठ्या फिल्टरांसाठी ठीक. छोट्या गाडीचा पातळ डबा तो चुरगाळून टाकतो.

काही फिल्टरांच्या टोकाला नटच जोडलेला असतो. त्याला नेहमीचा गोटी पाना लागतो, म्हणजे प्रश्नच मिटला. तो नट सोडवण्यासाठी आहे, आवळण्यासाठी नाही.

राहिला तो डब्यातून स्क्रू ड्रायव्हर आरपार ठोकून फिरवण्याचा उपाय, जो कुणी ना कुणी आवर्जून सुचवतोच. पत्रा पातळ असतो. फिल्टर अडकलेला असेल तर स्क्रू ड्रायव्हर त्याला सुरीनं कापल्यागत फाडत जातो, तेल सगळीकडे सांडतं आणि पकडायला धड डबाही उरत नाही. सुरुवात याच्यानं करू नका.

कार्ट्रिजच्या झाकणासाठी

इथे निवडीला वाव थोडा आहे आणि ते चांगलंच आहे. झाकणाच्या डोक्यावर एकतर षटकोनी नट घडवलेला असतो किंवा भोवती पैलू असतात. षटकोन असेल तर 24, 27, 32 किंवा 36 मि.मी.ची गोटी लागते. सहा कोनांचीच घ्या. बारा कोनांची गोटी प्लास्टिकचे कोपरे झिजवते. जागा कमी असेल तर कमी उंचीच्या गोट्या खास याच कामासाठी मिळतात. पैलू असतील तर वर सांगितल्याप्रमाणे मोजून नेमका कॅप पाना. टोयोटाच्या बऱ्याच झाकणांना साधारण 65 मि.मी. 14 पैलूंचा लागतो, जर्मन गाड्यांमध्ये 74 आणि 86 मि.मी.चे पाने पुष्कळ दिसतात. तरी मोजल्याशिवाय घेऊ नका, एकाच कंपनीच्या दोन इंजिनांत फरक असतो.

तीन पायांचा पाना, पक्कड, चेन यातलं काहीही झाकणाला लावायचं नाही. गॅरेजमध्ये कुणी लावताना दिसलं तरी.

कार्ट्रिजवाल्यांना आणखी एक वस्तू लागेल, टॉर्क पाना, म्हणजे ठरवलेल्या जोरापर्यंतच आवळता येणारा पाना. झाकणावर बहुधा आकडा उठवलेलाच असतो आणि पुष्कळदा तो 25 न्यूटन-मीटर असतो. तुमच्या झाकणावर जो असेल तो पाळा. एवढ्या लहान आकड्याला 1/2 इंची मोठा टॉर्क पाना नको. त्याच्या मापपट्टीच्या अगदी तळाशी अचूकपणाची खात्री नसते. 3/8 इंची घ्या.

बाकी सामान

3/8 इंची रॅचेट, एक आखूड आणि एक लांब एक्स्टेन्शन, तिरक्या जागेसाठी एक युनिव्हर्सल जॉइंट. नायट्राइलचे हातमोजे, चष्मा, पुष्कळ फडकी, पसरट ट्रे. वापरलेलं ऑईल वारंवार कातडीला लागणं चांगलं नाही, त्यामुळे मोजे घालायचेच. गाडी उचलायची असेल तर जॅक फक्त उचलण्यापुरता. खाली शिरायचं ते गाडी स्टँडवर टेकवल्यावर, सपाट आणि टणक जमिनीवर, टेकलेल्या चाकांना अडणी लावून. अडलेला फिल्टर सोडवताना आपण गाडीला चांगलाच हिसका देत असतो, हे स्टँड लावताना लक्षात असू द्या.

आता काढायचा

1. ऑईल रिकामं करण्याआधी पाना फिल्टरवर बसवून बघा. फिरवायचा नाही, नुसता बसतो का आणि रॅचेट हलायला जागा आहे का ते पाहायचं. न जमलं तर गाडी अजून चालती आहे, दुकानात जाऊन दुसरा आणता येतो. ऑईल काढल्यावर हे कळलं तर गाडी जागची हलत नाही.

2. इंजिन काही मिनिटं चालवून बंद करा आणि थोडा वेळ थांबा. ऑईल कोमट हवं. कोमट असलं की ते पातळ होऊन नीट निथळतं, कढत असलं तर भाजतं. फिल्टरच्या शेजारी एक्झॉस्ट असेल तर आणखी थांबा, तो उशिरा गार होतो.

3. वरची ऑईल भरायची कॅप सैल करा, ड्रेन प्लग सोडा, ऑईल चेंबरमधून पूर्ण निथळू द्या. मग ट्रे फिल्टरखाली सरकवा. चेंबर रिकामं झालं म्हणजे फिल्टर रिकामा झाला असं नाही. ऑईल मागे वाहून जाऊ नये म्हणून बऱ्याच फिल्टरांत झडप असते, त्यामुळे तो भरलेलाच हातात येतो.

4. आधी हातानं बघा. कोरडे मोजे, कोरडा डबा, पूर्ण पंजाची पकड. नीट बसवलेला फिल्टर अनेकदा इथेच सुटतो आणि पान्याला हात लावावा लागत नाही.

5. दिशा. डब्याच्या बंद टोकाकडे तोंड करून बघितलं की घड्याळाच्या काट्यांच्या उलट फिरवायचा. गडबड कुठे होते? फिल्टर खाली लोंबतोय आणि तुम्ही बॉनेटमधून वरून वाकून बघताय. तेव्हा तुम्हाला टोक दिसत नाही, मागची बाजू दिसते आणि दिशा उलटी भासते. सोडवतोय असं समजून आवळणारे कमी नाहीत. शंका आली की मनानं टोकाच्या बाजूला जाऊन उभे राहा.

6. पाना लावून एकसारखा जोर द्या, झटके नकोत. पहिला पाव फेरा सुटला की पाना बाजूला ठेवा आणि हातानं फिरवा. काठावरून तेल झिरपू लागलं की थांबा, निथळू द्या, मग पुढे. आडवा बसवलेला फिल्टर असेल तर खाली जाड ॲल्युमिनियम फॉइलची पन्हळ वळवून लावा, नाहीतर तेल क्रॉस मेंबरवर, म्हणजे इंजिनखालच्या आडव्या तुळईवर, सांडतं आणि पुढे कित्येक दिवस जळकट वास येत राहतो. डबा हातात आला की तोंड वर धरूनच बाहेर काढा.

कार्ट्रिज वरच्या बाजूला असेल तर झाकण दोन-तीन फेरे सोडवून थोडा वेळ तसंच ठेवा, फिल्टरच्या घरातलं ऑईल खाली उतरतं. झाकण खाली असेल तर काहींना त्यातच वेगळा छोटा ड्रेन प्लग असतो, तो आधी सोडवायचा.

नाहीच निघाला तर

बहुतेक वेळा दोष त्या रबरी रिंगेचा असतो. ती कोरडीच लावली गेली, वर अति आवळली, मग महिनोन्‌महिने तापून-गार होऊन इंजिनच्या बैठकीला चिकटली. म्हणून आट्यांसाठी मिळणाऱ्या गंज-सोडव्या स्प्रेचा इथे फारसा उपयोग होत नाही, चिकटली आहे ती रिंग.

डबा पुसून अगदी कोरडा करा. कॅप पाना घसरत असेल तर आत सँडपेपरची पट्टी, खरखरीत बाजू डब्याकडे करून, घालून बघा. पट्टी पाना असेल तर तोंडाजवळ, जितका इंजिनच्या जवळ नेता येईल तितका न्या. दांडी लांब केली तर जोर आपोआप वाढतो, शरीराला ताण नको. कॅप हरला तर तीन पायांचा, तो हरला तर पट्टी, या क्रमानं जा.

डबा फाटलाच आणि फक्त तोंडाची जाड तबकडी इंजिनवर उरली, तर छिन्नी तिच्या कडेला तिरकी टेकवून, सुटण्याच्या दिशेनं, हातोडीनं छोटे-छोटे ठोके द्या. छिन्नीचं टोक इंजिनच्या घासलेल्या बैठकीला लागता कामा नये. तिथे खाच पडली तर नवा फिल्टर गळणार. यात हात कापण्याइतका पत्रा उघडा असतो, म्हणून जाड मोजे घाला. छिन्नीशी सवय नसेल तर इथे थांबून मेकॅनिकला बोलावणं शहाणपणाचं. ऑईल नसलेली गाडी चालवत त्याच्याकडे नेता येत नाही, तोच येईल.

नवा बसवताना पाना लांब ठेवा

जुन्या फिल्टरची रबरी रिंग फिल्टरसोबत आली का, हे उलटून बघा. कधी ती इंजिनलाच चिकटून राहते, त्यावर नवा फिल्टर चढतो आणि दोन रिंगा एकमेकींवर बसतात. गाडी सुरू झाली की दाबानं वरची रिंग बाहेर ढकलली जाते आणि मिनिटभरात इंजिनचं ऑईल जमिनीवर येतं. बोट फिरवून बैठक तपासा. ज्यावर डबा चढतो तो आट्यांचा नळाही जुन्या फिल्टरसोबत सुटून आला नाही ना, तेही बघा. आला असेल तर तो परत आपल्या जागी घट्ट बसवावा लागतो.

बैठक पुसा, नव्या रिंगेला बोटानं नवं ऑईल लावा. ही एक गोष्ट केली की पुढच्या वेळचे निम्मे कष्ट वाचतात. डबा हातानं आट्यांवर चढवा. पहिले दोन फेरे अडखळता कामा नयेत, अडखळले तर परत काढून सरळ धरून लावा, आटे गेले तर दुरुस्ती महागात पडते. रिंग बैठकीला टेकली की पेनानं डब्यावर खूण करा आणि तिथून फिल्टरवर छापलं असेल तेवढंच फिरवा. बहुधा पाऊण फेरा. काही डब्यांवर कडेला 1 ते 4 आकडे छापलेले असतात, ते यासाठीच. हात पोचत नसेल तर कॅप पाना एक्स्टेन्शनसह, रॅचेटशिवाय, बोटांनी फिरवा आणि फेरा मोजा.

कार्ट्रिजमध्ये झाकणाची रबरी रिंग दर वेळी नवी. ती नेमक्या खाचेत बसवा. झाकणावर दोन-तीन खाचा असतात आणि जुनी ज्या खाचेत होती बहुधा तीच बरोबर, म्हणून जुनी काढण्याआधी फोटो काढा. नवीला ऑईलचा हात फिरवून झाकण हातानं लावा, मग टॉर्क पाना.

ड्रेन प्लग नव्या वॉशरसह लावा, ऑईल भरा, इंजिन सुरू करा. ऑईल प्रेशरचा दिवा काही सेकंदांत विझला पाहिजे. विझला नाही तर लगेच बंद. विझला तर मिनिटभर चालू ठेवून टॉर्चनं फिल्टरच्या काठाभोवती बघा, मग बंद करून काही मिनिटांनी डिपस्टिक तपासा. नव्या फिल्टरनं थोडं ऑईल आत घेतलेलं असतं, तेवढी भर घाला.

डब्यावर पर्मनंट मार्करनं तारीख, किलोमीटर आणि कोणत्या मापाचा पाना लागला ते लिहून ठेवा. जुना फिल्टर तोंड खाली करून रात्रभर ट्रेवर निथळू द्या. निघालेलं ऑईल झाकणाच्या कॅनमध्ये भरून, फिल्टरसकट, वापरलेलं ऑईल घेणाऱ्या गॅरेजकडे किंवा संकलन केंद्राकडे द्या. गटारात किंवा मातीत ओतायचं नाही. पाने पुसून ठेवताना पट्ट्यावरचं तेल साबणानं धुवायला विसरू नका, तेलकट पट्टा पुढच्या वेळी नक्की घसरेल.